साध्या लॅपटॉपवर स्पाइक सॉर्टिंग कसे शिकावे

मेंदूत किंवा एखाद्या कीटकाच्या पायात बारीक तार घालून विद्युत नोंद घेतली, की त्या एका तारेवर आजूबाजूच्या अनेक चेतापेशींचे स्पंद एकत्र उमटतात. प्रत्येक स्पंद, म्हणजे स्पाइक, साधारण एका मिलिसेकंदाचा असतो आणि तो कोणत्या पेशीचा आहे हे त्यावर लिहिलेले नसते. नोंदीतील हे स्पाइक शोधून पेशीनिहाय वेगळे करण्याच्या कामाला स्पाइक सॉर्टिंग म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवताना एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना हे काम ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकवण्याची वेळ माझ्यावर आली, आणि त्यातून जो क्रम हाती लागला तो येथे मांडत आहे. ज्यांना पायथन जेमतेम चालवता येते आणि अडल्यावर विचारायला जवळपास कोणी नसते, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

कामाचे स्वरूप आधी नीट ध्यानात घ्यावे. दिवस मावळताना ढोरे आखराकडून गावात परततात, तेव्हा ओसरीवर बसलेल्या माणसाला घंटीच्या आवाजावरून आपला बैल ओळखता येतो. घंटी जशी लहानमोठी, पितळी किंवा लोखंडी असेल तसा आवाज बदलतो. बैल लांब असला तर तोच आवाज मंद येतो. दोन बैल खेटून चालले तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. आणि मधूनच ट्रॅक्टर गेला तर काही क्षण काहीच उमगत नाही. स्पाइक सॉर्टिंगमधील अडचणी याच चार आहेत: पेशीगणिक बदलणारा स्पाइकचा आकार, पेशी आणि इलेक्ट्रोड (म्हणजे नोंद घेणारी तार) यांच्यातील अंतर, एकावर एक आलेले स्पाइक आणि बाहेरचा गोंगाट. सॉफ्टवेअर जे गट पाडून देते तो एक प्रस्ताव समजावा. तो मान्य करायचा की फेटाळायचा हे नोंद पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवता येणे हेच खरे शिकणे आहे.

लॅपटॉपची तयारी

सुरुवातीला एकच साधन पक्के करावे, आणि माझ्या मते ते स्पाइकइंटरफेस असावे. हे पायथनमधील मोफत आणि खुले साधन असून त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०२० मध्ये ईलाइफ या नियतकालिकात आला. ते स्वतः एकच एक सॉर्टर, म्हणजे स्पाइकचे गट पाडणारा प्रोग्राम, नाही. वेगवेगळ्या यंत्रांच्या फाइली वाचणे, फिल्टर लावणे, अनेक सॉर्टर एकाच पद्धतीने चालवणे आणि त्यांचे निकाल तपासणे ही सर्व कामे ते एका छताखाली आणते, त्यामुळे उद्या सॉर्टर बदलला तरी बाकीचा सगळा क्रम तसाच राहतो. यापूर्वीची बरीच साधने, उदाहरणार्थ २००४ मधील वेव्ह-क्लस किंवा किलोसॉर्टच्या पहिल्या आवृत्त्या, मॅटलॅबवर चालत, आणि मॅटलॅबचा परवाना विकत घेणे आमच्यासारख्या महाविद्यालयांना परवडत नाही.

मिनिकोंडा (पायथन आणि त्याची पॅकेजे सांभाळणारे मोफत साधन) बसवून या कामासाठी एक स्वतंत्र पर्यावरण तयार करावे, म्हणजे दुसऱ्या कामासाठी घेतलेल्या पॅकेजांशी भांडण होणार नाही. यात सर्वांत जड पॅकेज पायटॉर्च हे, काही सॉर्टरना लागणारे गणिताचे पॅकेज, असते. ग्राफिक्स कार्डासाठीची त्याची आवृत्ती सोबतच्या फाइली धरून दोन जीबीच्या पुढे जाते, तर केवळ प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती त्यामानाने फारच लहान असते. ज्याच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे कार्ड नाही त्याने जाणीवपूर्वक लहान आवृत्ती मागवावी, अन्यथा दिवसाचा डेटा एका पॅकेजवर संपतो. वर्गात दहा जण असतील तर दहा वेळा डाउनलोड करण्याचे काहीच कारण नाही. एकाने सर्व पॅकेजच्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि इतरांनी पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेला, ‘इंटरनेटवर जाऊ नकोस, याच फोल्डरमध्ये शोध’ असे सांगून त्या बसवाव्यात. अट एवढीच की सर्वांच्या लॅपटॉपवरील ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी.

पहिली नोंद कोणती घ्यावी

नवख्यांची पहिली चूक येथे होते. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेची नोंद उतरवून थेट तिच्यावर सॉर्टर चालवला जातो. न्यूरोपिक्सेल्स या प्रोबमध्ये, म्हणजे अनेक इलेक्ट्रोड असलेल्या सुईत, एका वेळी ३८४ चॅनेल (एकेका इलेक्ट्रोडची नोंद) नोंदवले जातात, प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला ३०,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २३ एमबी आणि तासाला सुमारे ८३ जीबी. ही नोंद गावच्या इंटरनेटवर उतरतच नाही, आणि उतरली तरी लॅपटॉप तिच्यापुढे गुडघे टेकतो. याउलट चार चॅनेलची, त्याच वेगाची १० मिनिटांची नोंद १४४ एमबीची असते, आणि शिकायला ती पुरेशी आहे.

त्याहूनही आधी कृत्रिम नोंद घ्यावी. स्पाइकइंटरफेसमध्ये एका आज्ञेने चार चॅनेल आणि दहा पेशींची नोंद तयार करता येते, आणि प्रत्येक स्पाइक कोणत्या पेशीचा होता याचे खरे उत्तरही सोबत मिळते. या नोंदीवर सॉर्टर चालवून त्याचे उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहावे. दहापैकी सहा-सात पेशी नीट सापडतात, दोन पेशींचा एकच गट होतो, एखादी मुळीच दिसत नाही, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की सॉफ्टवेअरवरची आंधळी श्रद्धा आपोआप कमी होते. खऱ्या मेंदूच्या नोंदीत उत्तरपत्रिका नसते, म्हणून ही सवय आधीच लागलेली बरी.

दुसरी नोंद स्वतः घेतलेली असावी. ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो यांनी बॅकयार्ड ब्रेन्सच्या माध्यमातून आणलेला स्पाइकरबॉक्स हा छोटा प्रवर्धक शाळा-महाविद्यालयांत वापरण्यासाठीच बनवलेला आहे आणि त्याची परिपथ-आकृती खुली आहे. बर्फाच्या पाण्यात थंड करून बधिर केलेल्या झुरळाचा एक पाय काढून त्यात दोन टाचण्या खोचल्या, आणि पायावरील काट्यांना दातकोरणीने हलकेच स्पर्श केला, की स्पीकरमधून फुटाण्यांसारखा तडतड आवाज येतो. ही नोंद साध्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये साठवली जाते. बेडकासारख्या पृष्ठवंशीय प्राण्यांवर मात्र संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय काहीही करू नये.

कच्ची नोंद पाहणे

फाइल हाती आल्यावर फिल्टर, सॉर्टर यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी ती आलेखावर उघडून निदान अर्धा तास नुसती पाहावी. एका वेळी एक सेकंद, मग शंभर मिलिसेकंद, मग दहा मिलिसेकंद, अशी जवळ जाऊन आणि पुन्हा लांब येऊन पाहावी. शक्य असेल तर ती स्पीकरवर ऐकावी, कारण कानाला नियमितपणा डोळ्यांपेक्षा लवकर कळतो. या पायरीवर वेळ घालवणे विद्यार्थ्यांना जिवावर येते. मी ती सक्तीने करून घेतो, आणि त्यामागे एक प्रसंग आहे.

एका रब्बीत, हरभरा घाट्यावर असताना, एका विद्यार्थिनीला झुरळाच्या पायात अतिशय शिस्तीची एक पेशी सापडली. ती साधारण दर सेकंदाला एक स्पाइक देत असे. काट्यांना स्पर्श केला, फुंकर मारली, तरी तिच्या वेळापत्रकात फरक पडत नसे. सॉर्टरने तिचा सुबक, स्वतंत्र गट पाडून दिला होता आणि आकारही प्रत्येक वेळी अगदी तोच येत होता. आम्ही दोन दिवस त्या पेशीवर चर्चा केली, तिला नाव देण्यापर्यंत मजल गेली. तिसऱ्या दिवशी पेशी नाहीशी झाली. त्याच सकाळी महाविद्यालयामागील वावराच्या मालकाने रोही आणि रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन दुरुस्तीला नेले होते. कुंपणाच्या तारेत ते मशीन साधारण दर सेकंदाला उच्च दाबाचा एक क्षणिक झटका सोडते, आणि त्याची टकटक आमच्या उघड्या खिडकीतून रोज ऐकू येत होती; ती नोंदीत उतरत असेल हे मात्र कुणाच्याही मनात आले नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी आम्ही एक कोरी नोंद घेतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यात त्याच दोन टाचण्या खोचायच्या, बाकी सर्व मांडणी जशीच्या तशी ठेवायची आणि प्रयोगाएवढाच वेळ नोंद घ्यायची. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. पण वावरातून आणलेला कापूस सरकी काढली तरी त्यावरील मेणामुळे पाणी चटकन शोषत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातील शोषक कापूस घ्यावा. या बोळ्यात सॉर्टरला जी काही ‘पेशी’ सापडेल ती वीजच असते, कारण कापसाला चेतापेशी नसतात.

ग्रामीण भागात नेहमी भेटणारे गोंगाट ओळखून ठेवावेत. घरगुती विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने तिची लाट दर २० मिलिसेकंदांनी परत येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एक टोकदार खूण उमटवतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक, आणि ही खूण आकाराने स्पाइकसारखीच दिसते. जवळच्या विहिरीवरील पंप सुरू किंवा बंद होताना एकदम मोठी उसळी येते. नोंदीच्या वेळी पंखा बंद ठेवावा, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा, आणि मांडणीभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा करून तो जमिनीला जोडावा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरताच उरतो. नोंदीच्या आदल्या सायंकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओतले की फरक आलेखावर दिसतो.

फिल्टर आणि उंबरठा

नोंद स्वच्छ आहे याची खात्री झाली की तिच्यावर बँडपास फिल्टर, म्हणजे वारंवारितांचा ठरावीक पट्टाच ठेवणारा फिल्टर, लावावा. स्पाइकसाठी सर्वसाधारणपणे ३०० ते ६,००० हर्ट्झ हा पट्टा वापरतात. त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची लाट आणि मेंदूतील संथ लहरी मागे पडतात. मात्र फाइलचा नमुना दर आधी पाहावा. सेकंदाला १०,००० नमुने घेतले असतील तर ५,००० हर्ट्झच्या वरचे त्यात काहीच नसते, आणि ६,००० ची मर्यादा मागितली तर सॉफ्टवेअर चूक दाखवते. अशा फाइलसाठी वरची मर्यादा ३,००० पुरेशी आहे. चॅनेल पुष्कळ असतील तर प्रत्येक क्षणी सर्व चॅनेलचा मध्यक काढून तो प्रत्येकातून वजा करता येतो, त्यामुळे सर्वांवर एकदम आलेला गोंगाट नाहीसा होतो. चारच चॅनेल असतील तर हे करू नये, कारण एकच मोठा स्पाइक चारही तारांवर दिसत असतो आणि वजाबाकीत तोच कापला जातो.

आता स्पाइक कशाला म्हणायचे हे ठरवायचे असते. गोंगाटाच्या किती पट उंची ओलांडली की तो स्पाइक मानायचा, हा तो उंबरठा. गोंगाट मोजण्यासाठी प्रमाण विचलन वापरावेसे वाटते, परंतु नोंदीत मोठे स्पाइक भरपूर असतील तर तेच प्रमाण विचलन फुगवतात, उंबरठा वर जातो आणि लहान स्पाइक निसटतात. म्हणून सर्व नमुन्यांची धन-ऋण चिन्हे काढून त्यांचा मध्यक घ्यावा आणि त्याला ०.६७४५ ने भागावे. ही रीत वेव्ह-क्लसच्या कर्त्यांनी २००४ मध्ये रूढ केली. समजा तो मध्यक ६.७ मायक्रोव्होल्ट आला, तर गोंगाट सुमारे १० मायक्रोव्होल्ट, आणि साडेचार पटीचा उंबरठा ४५ मायक्रोव्होल्ट. पेशीबाहेरून घेतलेल्या नोंदीत स्पाइक बहुधा खाली जातो, म्हणून उंबरठा शून्याच्या खाली लावतात.

किती पट घ्यायचे हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. गोंगाट घंटाकृती वितरणाचा आहे आणि प्रत्येक नमुना स्वतंत्र आहे असे मानले, तर सेकंदाला ३०,००० नमुन्यांपैकी तिप्पट उंबरठा निव्वळ गोंगाटामुळे सुमारे ४० वेळा ओलांडला जाईल, चौपट उंबरठा साधारण एकदा, आणि पाचपट उंबरठा दोन मिनिटांत जेमतेम एकदा. प्रत्यक्षात नमुने एकमेकांशी निगडित असल्याने आकडे थोडे बदलतात, तरी तिप्पट उंबरठा लावून ‘भरपूर स्पाइक मिळाले’ म्हणून आनंदणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सॉर्टर चालवणे

सॉर्टर आत काय करतो हे थोडक्यात असे: प्रत्येक स्पाइकभोवतीचा सुमारे दोन मिलिसेकंदांचा तुकडा कापला जातो, ३०,००० नमुन्यांच्या वेगाने तो ६० आकड्यांचा होतो, आणि चार चॅनेल धरले तर २४०. या २४० आकड्यांतून मुख्य घटक विश्लेषणाने मोजकेच आकडे निवडले जातात, त्यामुळे प्रत्येक स्पाइक हा आलेखावरील एक ठिपका बनतो, आणि जवळजवळचे ठिपके एका पेशीचे मानले जातात. नव्या सॉर्टरमध्ये याच्या पुढे जाऊन साच्यांची जुळणी असते: सापडलेल्या पेशींचे सरासरी आकार घेऊन मूळ नोंद त्यांच्या बेरजेने उभी करून पाहिली जाते, त्यामुळे एकावर एक आलेले स्पाइकही काही प्रमाणात सुटे करता येतात.

आमच्या लॅपटॉपसाठी माउंटनसॉर्ट-५, तसेच स्पाइकइंटरफेसमध्येच अंतर्भूत असलेले स्पायकिंग-सर्कस-२ आणि ट्रायडेक्लस-२ हे पर्याय योग्य आहेत, कारण ते ग्राफिक्स कार्डाविना चालतात. किलोसॉर्ट-४ पायथनमध्ये असून मोफत आहे. मात्र तो दाट चॅनेलच्या प्रोबसाठी बनवलेला आहे आणि ग्राफिक्स कार्डाविना फार मंद चालतो. तो वापरायचाच असेल तर गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून वापरता येणाऱ्या गुगलच्या संगणकावर, जावे, आणि नोंद आपल्या लॅपटॉपवरून चढवत बसण्याऐवजी दांडी या मेंदूच्या नोंदींच्या खुल्या संग्रहातून थेट कोलॅबमध्येच वाचावी. गावचे इंटरनेट त्या वाटेत येतच नाही.

सॉर्टरला प्रोबचा नकाशा, म्हणजे कोणता चॅनेल कोठे आहे, हे सांगावे लागते. हा नकाशा चुकला तर कोणतीही सूचना येत नाही. सॉर्टर निमूटपणे चुकीचे शेजारी धरून गट पाडतो. म्हणून एक मोठा स्पाइक निवडून तो कोणकोणत्या चॅनेलवर दिसतो आणि ते चॅनेल नकाशावर खरोखर शेजारी आहेत काय, हे हाताने तपासावे. फिल्टर लावलेली नोंद डिस्कवर साठवून मगच सॉर्टर सुरू करावा, म्हणजे मध्येच वीज जाऊन लॅपटॉप बंद पडला तरी आधीचे काम वाचते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी तासभर चालणारे काम पहाटे निम्म्या वेळात होते, हाही येथला अनुभव आहे.

निकाल तपासणे

सॉर्टर संपला की पडद्यावर ‘अकरा युनिट (एकेका पेशीचे मानलेले गट) सापडले’ अशा अर्थाची ओळ येते आणि काम झाल्यासारखे वाटते. खरे काम येथून सुरू होते. निकाल फाय या सॉफ्टवेअरमध्ये किंवा स्पाइकइंटरफेसच्या स्वतःच्या खिडकीत उघडावा आणि प्रत्येक गटाला तीन खुणांपैकी एक द्यावी: चांगली एकटी पेशी, अनेक पेशींची सरमिसळ, किंवा गोंगाट.

पहिली कसोटी विश्रांतीकाळाची आहे. एक स्पाइक दिल्यावर चेतापेशीला एक-दोन मिलिसेकंद दुसरा देता येत नाही. म्हणून एका गटातील लागोपाठच्या दोन स्पाइकमध्ये दोन मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर दिसले, तर त्यातील निदान एक स्पाइक परका आहे असे समजतात. येथे बहुतेक जण टक्केवारी काढून थांबतात: एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर चांगली पेशी. ही टक्केवारी फसवी आहे. समजा १० मिनिटांच्या नोंदीत एका गटात ३,००० स्पाइक आहेत आणि त्यांपैकी २४ अंतरे दोन मिलिसेकंदांहून कमी आहेत. हे प्रमाण ०.८ टक्के, म्हणजे वरवर उत्तम. परंतु हा गट सेकंदाला पाच स्पाइक देतो; आणि हेच ३,००० स्पाइक कोणताही नियम न पाळता वेळेवर नुसते विखुरले असते, तरी इतकी कमी अंतरे सुमारे ३० च निघाली असती. म्हणजे या गटात विश्रांतीकाळाचा मागमूस जवळजवळ नाही आणि तो अनेक पेशींची खिचडी असण्याची शक्यता मोठी आहे. आता दुसरा गट घ्या: तेवढ्याच वेळात ३०,००० स्पाइक आणि २४० कमी अंतरे. टक्केवारी तीच, ०.८; पण सेकंदाला ५० स्पाइकच्या वेगाने नुसते विखुरलेले स्पाइक असते तर अशी अंतरे सुमारे २,८५० निघाली असती. २४० हा त्याचा बारावा हिस्सा आहे. हा गट पुष्कळ स्वच्छ आहे. माझ्या वर्गात हे दोन गट मी फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो आणि कोणता ठेवायचा ते विचारतो. पहिल्या वर्षी मीही ‘दोन्ही’ असेच उत्तर दिले होते.

दुसरी कसोटी काळानुसार उंचीची. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर प्रत्येक स्पाइकची उंची घेऊन ठिपके पाहावेत. ठिपक्यांचा पट्टा हळूहळू उंबरठ्याकडे उतरत जाऊन तुटला असेल, तर पेशी मेली असे समजण्याची घाई करू नये. बहुधा इलेक्ट्रोड सरकला आणि घंटी लांब गेली. अशा वेळी सॉर्टर पहिल्या पाच मिनिटांत एक आणि पुढच्या पाच मिनिटांत दुसरी, अशा दोन पेशी दाखवतो. एक थांबते तेथेच दुसरी सुरू होते आणि आकार तोच असतो, हे पाहून दोन्ही गट जोडावेत. फायमध्ये जोडण्यासाठी जी आणि तोडण्यासाठी के ही कळ आहे.

जोडताना एक पथ्य पाळावे. दोन गटांचा परस्परसंबंध-आलेख, म्हणजे एका गटाच्या स्पाइकच्या किती आधी-नंतर दुसऱ्याचे स्पाइक येतात याचा आलेख, काढून मधोमध, शून्याच्या आसपास, खड्डा आहे काय ते पाहावे. दोन्ही गट एकाच पेशीचे असतील तर ती पेशी स्वतःच्या विश्रांतीकाळात दुसऱ्या नावानेही स्पाइक देऊ शकत नाही, म्हणून खड्डा पडतोच. हिप्पोकॅम्पसमधील काही पेशी तीन-चार स्पाइक एका झपाट्यात, काही मिलिसेकंदांच्या अंतराने देतात आणि त्यात प्रत्येक पुढचा स्पाइक आधीच्यापेक्षा बुटका असतो. सॉर्टर बुटक्या स्पाइकचा वेगळा गट करतो. तेथे मधला खड्डा असतो आणि आलेख एका बाजूला झुकलेला असतो, कारण बुटके नेहमी उंचानंतर येतात.

तिसरी कसोटी म्हणजे दुसरा सॉर्टर. तीच नोंद दोन वेगळ्या सॉर्टरवर चालवून स्पाइकइंटरफेसमधूनच त्यांची तुलना करता येते. २०२० च्या निबंधात कर्त्यांनी अनेक सॉर्टर एकाच नोंदीवर चालवले, तेव्हा सर्वांनी एकमुखाने दाखवलेले युनिट थोडेच निघाले आणि अनेक युनिट केवळ एकाच सॉर्टरला दिसलेले होते. नवख्याने तरी पहिल्या प्रकल्पात दोघांनाही सापडलेले युनिटच पुढे न्यावेत.

पुढचे विश्लेषण

स्पाइकच्या वेळा हाती आल्यावर पेशी कशाला उत्तर देते हे पाहायचे असते. झुरळाच्या पायाला २० वेळा स्पर्श केला असेल, तर प्रत्येक स्पर्शाचा क्षण शून्य मानून २० ओळींत स्पाइकचे ठिपके मांडावेत. मग वेळेचे १० मिलिसेकंदांचे कप्पे करून प्रत्येक कप्प्यातील स्पाइक मोजावेत. एका कप्प्यात २० प्रयत्न मिळून १२ स्पाइक आले, तर १२ ला २० गुणिले ०.०१ ने भागावे, म्हणजे वेग सेकंदाला ६० स्पाइक. एलिफंट आणि पायनॅपल ही पायथन पॅकेजे हे सर्व तयार करून देतात, तरी पहिला आलेख वहीत हाताने काढावा. स्पर्शाचा क्षण नोंदीतच खूण करून ठेवलेला असला पाहिजे; तो नंतर अंदाजाने भरला तर आलेखातील सारे उत्तर पुसट होते.

आमच्या भागासाठी याहून जवळचा विषय कामगंध सापळ्याचा आहे. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या प्रकोपानंतर हा सापळा विदर्भातील प्रत्येक कापूस उत्पादकाच्या ओळखीचा झाला. त्यातील गोळीतला गॉसिप्ल्युअर हा मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असून तो दोन घटकांचे सम प्रमाणातील मिश्रण आहे. अनेक पतंगांमध्ये नराच्या मिशीवरील एकेका संवेदी केसात दोन किंवा अधिक चेतापेशी असतात, आणि केसाच्या मुळाशी इलेक्ट्रोड लावला की दोघींचे स्पाइक एकाच तारेवर येतात. उंच स्पाइक देणारीला अ आणि बुटका देणारीला ब म्हणण्याची रीत आहे. येथे भारी सॉर्टरची गरज नसते, उंचीवरून वाटणी होते. फक्त गंधाचा झोत जोरदार असला आणि अ पेशी वेगाने पेटली, की तिच्या स्पाइकची उंची झपाट्याने घटून ब च्या पातळीवर येते. त्या काही क्षणांपुरते उंचीचे माप सोडून स्पाइकच्या आकाराकडे आणि अंतराकडे पाहावे लागते, आणि तरीही जे स्पाइक ओळखू येत नाहीत ते दोन्ही गटांच्या बाहेर ठेवावेत.

प्रत्येक नोंदीसाठी वहीत एक ओळ ठेवावी: तारीख, वेळ, नमुना दर, फिल्टरचा पट्टा, उंबरठा, सॉर्टरचे नाव आणि आवृत्ती, ठेवलेले व टाकलेले गट आणि ते टाकण्याचे कारण. सहा महिन्यांनी तोच निकाल पुन्हा काढायची वेळ आली की आवृत्तीचा आकडा सर्वांत आधी लागतो. आमच्या वहीत आणखी दोन स्तंभ आखलेले आहेत: एकात कोऱ्या नोंदीच्या फाइलचे नाव, आणि दुसऱ्यात मागच्या वावरातील झटका मशीन त्या वेळी सुरू होते की बंद.